सेतोच्या बेटांवरून: वाचकांच्या शंका

मागच्या अंकात जपानमधलं ताकामात्सु शहर आणि त्याच्यासमोरच्या सेतो समुद्रातली बेटं यांवरून संगणकावर विमान फिरवण्याचा एक फेरा दिला होता. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ अशा बऱ्याच गावांहून पत्रं आली. तो अंक हुकलेल्यांसाठी फेरा थोडक्यात सांगतो. ताकामात्सु विमानतळावरून उत्तरेला १६ किमीवर बंदर, समोर मेगिजिमा आणि ओगिजिमा ही जोडबेटं, मग ईशान्येला शोदोशिमा. तिथून पश्चिमेला वळून तेशिमा, नाओशिमा आणि सेतोचा मोठा पूल. पुलाच्या कडेनं दक्षिणेला साकाइदे आणि परत विमानतळ. शंभर-एकशेदहा किमीचा हा फेरा सेसना १७२ या छोट्या विमानाला चाळीस मिनिटांत आटोपतो. खालची उत्तरं मुख्यतः मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० धरून आहेत.

रात्री जेवणं आटोपली की साडेआठला बसतो. ताकामात्सु निवडलं की पडद्यावर सगळा काळोख, बेटांच्या जागी नुसते दिवे. ग्राफिक कार्डात दोष असेल का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

कार्डाला हात लावू नका. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तुमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथली मध्यरात्र, आणि सिम्युलेटरमध्ये वेळ व हवामान ‘लाइव्ह’वर ठेवलं की तो तिथली खरी वेळच दाखवतो. उड्डाणाआधी जगाचा नकाशा येतो, तिथं वरच्या बाजूला हवामानाची खिडकी आहे. ती उघडून ‘लाइव्ह’ काढा आणि स्थानिक वेळ सकाळी आठ किंवा दुपारी साडेतीन करा. भर बारा वाजता उडू नका. वरच्या उन्हात सावल्या आखूड पडतात, डोंगर चपटे दिसतात आणि बेटं पाण्यावर टाकलेल्या हिरव्या गोधड्यांसारखी वाटतात. तिरप्या उन्हात तीच बेटं उठून येतात.

डिसेंबरात उडणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा, की ताकामात्सुला तेव्हा पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. वेळ ‘लाइव्ह’ असेल तर आपल्याकडे दुपारी दीड वाजताच तिथं दिवेलागण झालेली असते.

शहर नुसतं खोक्यांचं दिसतं, सगळी घरं एका साच्यातली. तुमच्या लेखात तर गल्ली न् गल्ली ओळखू येते असं लिहिलं होतं. शिवाय आमच्याकडे नेट कधी वीस एमबीपीएस, तर पावसाळ्यात दोन-तीनसुद्धा नाही. काय करावं?
— एक वाचक, खानापूर

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत, दोन्ही वेगळे घेऊ.

साच्यातली घरं दिसतात याचा अर्थ जपानचं ‘वर्ल्ड अपडेट’ तुम्ही उतरवलेलं नाही. ते २९ सप्टेंबर २०२० ला आलं आणि फुकट आहे, पण आपोआप बसत नाही. सिम्युलेटरच्या आतल्या मार्केटप्लेसमध्ये जाऊन शून्य किमतीत ‘विकत’ घ्यावं लागतं आणि मग कंटेंट मॅनेजरमधून उतरवावं लागतं. त्यात सेन्दाई, ताकामात्सु, तोकुशिमा, तोक्यो, उत्सुनोमिया आणि योकोहामा ही सहा शहरं हवाई छायाचित्रांवरून त्रिमितीत उभी केली आहेत. ताकामात्सु त्यातलं एक, म्हणून तर आम्ही हे शहर निवडलं. अपडेट बसलं की जनरल ऑप्शन्समधल्या ‘डेटा’ या पानावर ऑनलाइन चित्रं आणि फोटोग्रामेट्री (फोटोंवरून त्रिमिती रूप घडवणं) ही दोन्ही बटणं चालू आहेत ना, ते बघा. पैकी एक जरी बंद असेल तर परत खोकीच दिसतात.

आता नेटचं. कंपनीनं सांगितलेलं किमान ५ एमबीपीएस, योग्य २०, उत्तम ५०. तुमचं दोन-तीनवर घसरतं तेव्हा छायाचित्रं अर्धवट येतात आणि इमारती उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारख्या वितळलेल्या दिसतात. यावर उपाय म्हणजे मॅन्युअल कॅश, म्हणजे हव्या त्या भागाची चित्रं आधीच उतरवून डिस्कवर साठवणं. त्याच ‘डेटा’ पानावर तो आहे. नकाशा उघडतो, त्यात ताकामात्सु बंदराभोवतीचा चौकोन उच्च दर्जात, शोदोशिमा ते साकाइदेपर्यंतचा मोठा चौकोन मध्यम दर्जात निवडा आणि रात्री नेट मोकळं असतं तेव्हा उतरायला लावून झोपा. सगळं उच्च दर्जात घ्यायचा मोह टाळा. बेटांवर झाडीच जास्त, तिथं मध्यम आणि उच्च यात फरक दिसत नाही, डिस्क मात्र भरते.

रोलिंग कॅश हा वेगळा प्रकार. उडता उडता आलेली चित्रं तो साठवत जातो आणि जागा भरली की जुनी पुसतो. सिम्युलेटरचं मोठं अपडेट झाल्यावर जमिनीवर पट्टे किंवा काळे तुकडे दिसू लागले, तर हा कॅश एकदा पुसून नव्यानं तयार करा.

एक सांगून ठेवतो. नेट पन्नासचं असलं तरी बंदरातल्या क्रेन, विजेच्या तारा, झाडांचे बुंधे वितळलेलेच दिसणार. वरून काढलेल्या फोटोंतून रूप घडवलेलं, त्यामुळे जे वरून दिसत नाही ते यंत्र अंदाजानं भरतं. पाचशे फुटांवरून उडाल तर हा अंदाज उघडा पडतो, हजार-बाराशेवरून शहर छान दिसतं.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, सराव करून तरबेज झालो. ताकामात्सुला मात्र पहिल्याच उतरणीला धावपट्टी संपली तरी विमान हवेतच. सांबऱ्याची पट्टी २३०० मीटर, तिथली २५०० मीटर, मग जास्त लांबी असूनही असं का?
— पदवीचा विद्यार्थी, येळ्ळूर

हा प्रश्न आम्हाला आवडला, कारण दोन्ही पट्ट्यांची तुलना खरंच करण्यासारखी आहे. दोन्हींचे आकडे ०८/२६, म्हणजे तोंडं जवळजवळ एकाच दिशेला. पण सांबरा समुद्रसपाटीपासून २,४८७ फुटांवर, ताकामात्सु ६०७ फुटांवर. घोडं इथंच अडलंय.

सांबऱ्यावर तुम्ही जमिनीपासून हजार फूट वर चक्कर मारता तेव्हा उंचीमापक साडेतीन हजार दाखवतो. हाच आकडा तुमच्या डोक्यात बसला आहे. ताकामात्सुला साडेतीन हजारावर आलात म्हणजे जमिनीपासून २,९०० फूट वर आहात. तिथून सरळ उतरायला गेलं की एकतर नाक खाली घालून वेग वाढवावा लागतो, नाहीतर पट्टी मागे पडते. तिथली चक्कर १,६०० वर मारा.

दुसरी गोष्ट हवेची. सांबऱ्यावर ३० अंश तापमान असेल तर हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण ४,९०० फुटांवर आहोत असं वाटतं. हिशेब सोपा आहे: सांबऱ्याच्या उंचीवर प्रमाण तापमान १० अंश, वरचे २० अंश, प्रत्येक अंशामागे १२० फूट. ताकामात्सुला हिवाळ्यात १० अंश तापमान असेल तर हाच आकडा दीडशे फुटांच्या आसपास येतो. घट्ट हवेत इंजिनाला दम असतो, पंख्यालाही. सांबऱ्याला जेवढा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, लावून तुम्ही उतरता तेवढाच तिथं लावलात, तर विमान खाली यायला राजी होत नाही. थ्रॉटल कमी ठेवा, पण वेग तोच: सेसना १७२ ला पूर्ण फ्लॅपवर (पंखांमागच्या झडपा पूर्ण खाली) ६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२० किमी. वेगमापकावरचा हा आकडा दोन्हीकडे सारखाच चालतो, कारण विरळ हवेचा परिणाम वेगमापकावरही तसाच होतो.

सांबऱ्याला मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा) थोडं मागे ओढायची सवय असेल तर ताकामात्सुला उतरताना ते पूर्ण पुढे करायला विसरू नका. आणि टाकी अर्धीच ठेवा. या फेऱ्याला पंचवीस लिटर पुरे. टाकीतलं १०० लिटर इंधन कमी केलं की ७२ किलो वजन उतरतं, आणि पट्टीवर त्याचा फरक लगेच जाणवतो.

उंचीमापक १,००० दाखवत असतानाही एका टेकडीला आपटलो. मापक खोटं बोलतो का?
— एक वाचक, निपाणी

मापक हवेचा दाब मोजतो, उंची नव्हे. लाइव्ह हवामानात दाब बदलतो आणि तुम्ही मापक जुन्याच दाबावर ठेवलेला असतो. कीबोर्डवर ‘बी’ दाबा, तो तिथल्या दाबाशी जुळतो. उड्डाणाआधी एकदा, नंतर दर पंधरा मिनिटांनी. आपल्याकडे हा दाब हेक्टापास्कलमध्ये सांगतात, जपानमध्ये पाऱ्याच्या इंचांत. १०१३ म्हणजे २९.९२. एक इंच चुकला तर हजार फूट चुकतात.

पण तुमची टेकडी मेगिजिमाची नसावी, ती हजार फुटांहून बरीच ठेंगणी आहे. बहुधा तेशिमाची असेल, ३४० मीटर म्हणजे १,११५ फूट. हजार फुटांवर असाल तर मापक खरा असूनही तिला आपटणारच. शोदोशिमाचा माथा तर ८०० मीटरच्या वर जातो. त्या बेटाच्या किनाऱ्यानं फिरा, नाहीतर ३,५०० फूट धरा.

जपानचा खरा नियमही ठाऊक असावा: दाट वस्तीवर ६०० मीटरच्या परिघातल्या सगळ्यात उंच अडथळ्यापेक्षा ३०० मीटर वर, मोकळ्या जागी १५० मीटर अंतर राखून. सिम्युलेटर दंड करत नाही, पण हा नियम पाळला की आपोआप दृश्यही चांगलं दिसतं.

तुम्ही दिलेली दिशा धरूनच गेलो, तरी बंदराऐवजी पश्चिमेला दुसरंच काहीतरी आलं.
— निवृत्त शिक्षक, संकेश्वर

नकाशावरून मोजलेली दिशा आणि होकायंत्राची दिशा यांत तिथं जवळपास आठ अंशांचा फरक आहे. होकायंत्राची उत्तर खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला झुकते. आपल्याकडे हा फरक जेमतेम एक अंशाचा, म्हणून इकडे कुणाच्या लक्षात येत नाही. विमानतळ ते बंदर या १६ किमीत आठ अंश चुकले की तुम्ही दोन किमीहून जास्त बाजूला जाता. नकाशावरच्या आकड्यात आठ मिळवा: बंदराकडे १० नव्हे, १८. ओगिजिमाहून शोदोशिमाच्या तोनोशो गावाकडे ५७ नव्हे, ६५. तोनोशोहून तेशिमाकडे २७८, नाओशिमाकडे २६३, तिथून पुलाकडे २६७ च्या आसपास. वारा आडवा असेल तर दोन-चार अंश आणखी सरकतील.

खरं तर आकड्यांपेक्षा खुणा धरून उडा. बंदराच्या पूर्वेला याशिमा आहे, पाचगणीच्या टेबललँडसारखा सपाट माथ्याचा, २९२ मीटरचा. तो उजव्या हाताला दिसला की तुम्ही नीट आहात. बंदराशेजारी समुद्राचं पाणी खंदकात खेळवलेला जुना किल्ला आहे. साकाइदेहून परतताना उजवीकडे इइनोयामा दिसतो, ४२२ मीटरचा, भाताच्या राशीसारखा नेटका शंकू. तिथले लोक त्याला सानुकी फुजी म्हणतात. त्यानंतर खाली तळीच तळी लागतात. या भागात जपानच्या मानानं पाऊस कमी, म्हणून शेतीसाठी शतकानुशतकं तळी बांधली गेली. कागावा या छोट्या प्रांतात ती १२,००० हून अधिक आहेत. सूर्य समोर असला की ती आरशासारखी चमकतात आणि विमानतळ शोधणं अवघड जातं, म्हणून शेवटचा टप्पा दुपारी नैऋत्येकडे तोंड करून घेऊ नका.

थ्रॉटल पूर्ण लावला की विमान डावीकडे ओढतं. जॉयस्टिक दोनच महिन्यांपूर्वी घेतली. बिघडली का?
— एक वाचक, हल्याळ

कदाचित नाही. पंखा चालकाच्या बाजूनं पाहिला तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. त्याची उलट प्रतिक्रिया, शेपटीवर आपटणारी वळणदार हवा आणि नाक वर असताना पंख्याच्या उजव्या पात्याला मिळणारी जास्तीची ओढ, हे सगळं मिळून नाक डावीकडे जातं. खऱ्या सेसनातही असंच होतं. उजवा रडर (शेपटीची उभी झडप वळवणारा पायटा) थोडा दाबून धरा.

जॉयस्टिक तपासायची असेल तर थ्रॉटल शून्यावर आणून पट्टीवर उभे राहा आणि कंट्रोल्सच्या पानावर तिच्या अक्षाची पट्टी बघा. हात न लावता ती थरथरत असेल किंवा मध्यापासून सरकलेली असेल, तर दोष काठीत आहे. स्वस्त काठ्यांत घासणारे पोटेन्शियोमीटर (काठी किती वळली ते मोजणारे भाग) असतात. तुमच्याकडच्या पावसाळी दमटपणात त्यांवर थर जमतो. सेन्सिटिव्हिटीच्या पानावर डेड झोन (मध्याजवळची हालचाल दुर्लक्षायची पट्टी) ५ टक्के करा, फारच झालं तर १०. त्यानं भागलं नाही तर काठी उघडून पोटेन्शियोमीटरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच फवारा मारा, काठी वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि दहा मिनिटं वाळू द्या. गंजावर मारायचं तेलकट स्प्रे वापरू नका, त्यावर धूळ चिकटते. पुढची काठी घेताना हॉल सेन्सरवाली (चुंबकानं मोजणारी) बघा, तिच्यात घासणारा भागच नसतो.

आयकॉन ए५ हे पाण्यावर उतरणारं विमान घेऊन नाओशिमाजवळ पाण्यावर उतरायला गेलो. दर वेळी उसळी मारून उलटतो.
— दोघे भाऊ, कडोली

पहिली शंका: चाकं बाहेर होती का? पाण्यावर उतरताना चाकं आतच हवीत. बाहेर असली तर पाणी त्यांना धरतं आणि नाक खाली जातं. पट्टीवरून निघाल्यावर ‘जी’ दाबून चाकं आत घेतलीत, याची खातरजमा दोनदा करा.

चाकं आत असूनही उलटत असाल तर वेग जास्त आहे. शेवटचा टप्पा ६० नॉटच्या आसपास, फ्लॅप पूर्ण, वारा समोरून. टेकता टेकता नाक किंचित वर ठेवा, म्हणजे नावेसारखा तळ आधी टेकेल. पहिली उसळी आलीच तर नाक खाली ढकलू नका. सगळे इथंच फसतात. नाक आहे तिथंच धरा, थोडा थ्रॉटल द्या आणि दुसऱ्यांदा टेकू द्या.

वारा पडलेला असेल आणि पाणी आरशासारखं असेल तर उंचीचा अंदाजच येत नाही. खऱ्या सीप्लेनवाल्यांनाही येत नाही. ते किनाऱ्याजवळ उतरतात, म्हणजे काठाची झाडं बघून उंची कळते, आणि मिनिटाला शंभर-दीडशे फूट एवढ्या सावकाश उतरत्या वेगावर विमान ठेवून वाट बघतात. पाणी आपणच भेटायला येतं.

उडताना काठी पूर्ण मागे, थ्रॉटल पूर्ण. नाक वर येऊन पुन्हा खाली यायला लागलं की काठी थोडी सैल सोडा, विमान पाण्यावरून घसरू लागेल आणि मग सुटेल. इंजिन शंभर अश्वशक्तीचंच आहे, चढाईकडून फार अपेक्षा नको.

नाओशिमाचं पिवळ्या भोपळ्याचं शिल्प शोधत असाल तर तो धक्क्यावरचा जेमतेम दोन मीटर उंच आहे, वरून सापडणार नाही. तिथलं चिचू संग्रहालयही मुद्दाम जमिनीखाली बांधलेलं, आकाशातून फक्त चौकोनी-त्रिकोणी खड्डे दिसतात.

शोदोशिमाची ओहोटीला उघडी पडणारी वाळूची वाट सिम्युलेटरमध्ये कुठल्या वेळी दिसते?
— विद्यार्थिनी, चिकोडी

वेळेचा संबंध नाही. खरी वाट दिवसातून दोनदा, ओहोटीला वर येते. या सिम्युलेटरमध्ये भरती-ओहोटी नाही. फोटो काढला तेव्हा पाणी जसं होतं तसंच कायम राहतं. याच बेटावरची दोफुची सामुद्रधुनी जगातली सगळ्यात अरुंद म्हणून गिनीज बुकात आहे, सर्वात चिंचोळ्या जागी ९.९३ मीटर. हजार फुटांवरून ती नाल्यासारखी दिसते, तेव्हा ‘सामुद्रधुनी’ शोधू नका, तोनोशो गावाच्या मधून जाणारा नाला शोधा.

शाळेत जुना संगणक आहे, ४ जीबी रॅम. मुलांना ही बेटं दाखवता येतील का? आणि प्रोजेक्टरवर बघताना काहींना मळमळतं.
— भूगोलाचे शिक्षक, जांबोटी

त्या संगणकावर २०२० ची आवृत्ती चालणार नाही. तिला किमान ८ जीबी रॅम आणि १५० जीबी जागा लागते. तुम्ही गुगल अर्थ प्रो घ्या, फुकट आहे. ताकामात्सु शोधा, दृश्य हजार मीटर उंचीवर आणा, मग कंट्रोल, ऑल्ट आणि ए एकदम दाबा. विमानांत एसआर२२ निवडा, एफ-१६ नको, तो या बेटांवरून दोन मिनिटांत निघून जातो. सुरुवात ‘सध्याच्या दृश्यापासून’ करा. दृश्य जमिनीला टेकलेलं असेल तर सुरू होताच आपटाल, म्हणून आधी उंची. ‘पेज अप’नं थ्रॉटल वाढतो, बाणांनी वळतं. बाण हलके टेकवा, दाबून धरू नका.

मळमळ वळणांमुळे होते. पंख १५ अंशांहून जास्त कलवू नका आणि दोन वळणांमध्ये निदान मिनिटभर सरळ उडा. पहिल्या रांगेतली मुलं मागे बसवा, खोलीतला एखादा दिवा चालू ठेवा.

सेतोच्या पुलाखालून विमान नेता येतं का?
— नाव न दिलेला वाचक, बेळगाव

सिम्युलेटरमध्ये येतं. १० एप्रिल १९८८ ला खुला झालेला हा सेतोचा सेतू म्हणजे एक पूल नव्हे, पाच बेटांवर पाय देत गेलेले सहा पूल आहेत, वरून रस्ता आणि खालच्या मजल्यावरून आगगाडी. दक्षिणेकडच्या मोठ्या पुलाचा मधला गाळा ११०० मीटरचा, खाली ६५ मीटर मोकळी जागा. सेसनाचे पंख ११ मीटरचे. बाजूला जागाच जागा आहे, चूक होते ती उंचीत. ६५ मीटर म्हणजे २१३ फूट. दोन किमी आधीच १०० फुटांवर सपाट या, ‘बी’ दाबून मापक जुळवा, वेग ८० नॉट. पूल जवळ आला की नाक खाली घालावंसं वाटतं. घालू नका. पलीकडे निघाल्यावर लगेच वर खेचू नका, आधी थ्रॉटल, मग नाक. सगळ्यात उंच मनोरा १९४ मीटरचा आहे, तेव्हा परत फिरून पुलावरून जायचं झालं तर १,५०० फूट धरा.